जबड्याची सर्जरी आणि कानापुढचा सांधा: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

जबडा पुढे-मागे घ्यायची सर्जरी ठरली की सगळे चेहरा कसा दिसेल, दात कसे बसतील, खर्च किती हेच विचारतात, आणि ज्या सांध्यावर तो सगळा जबडा टांगलेला असतो त्याचं नावही कोणी काढत नाही. मीही काढलं नव्हतं. माझ्या दोन्ही जबड्यांची सर्जरी झाल्यापासून जे मेसेज येतात त्यात मात्र या सांध्याचेच प्रश्न सगळ्यात जास्त असतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय. मी डॉक्टर नाही. तुमचा एक्स-रे मी बघितलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

१. सर्जरी जबड्याची आहे, मग सांध्याचा संबंध येतोच कुठे?

दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवा आणि तोंड उघडून मिटा. बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याचं डोकं, डॉक्टर त्याला कॉन्डाइल म्हणतात. ते कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोघांच्या मधे एक पातळ चकती असते, डिस्क. हा सांधा नुसता बिजागरीसारखा फिरत नाही. तोंड थोडं उघडेपर्यंत तो जागच्या जागी फिरतो आणि त्यापुढे पाट्यावर वरवंटा सरकावा तसा पुढे सरकतो.

नेहमीच्या सर्जरीत या सांध्याला कोणी हात लावत नाही, हे खरं आहे. पण खालच्या जबड्यासाठी सगळ्यात जास्त केली जाणारी पद्धत, बीएसएसओ, त्यात काय होतं बघा. दाढांच्या मागचं हाड दोन्ही बाजूंना उभं चिरून त्याचे पापुद्र्यासारखे दोन भाग करतात, दातांचा भाग पुढे आणि कॉन्डाइलचा भाग मागे. मग दातांचा भाग हवा तेवढा पुढे किंवा मागे घेऊन प्लेट आणि स्क्रूने मागच्या भागाला पक्का करतात. स्क्रू लागेपर्यंत तो मागचा भाग मोकळा असतो, आणि कॉन्डाइल त्या क्षणी खोबणीत जिथे असेल तिथेच तो पक्का होतो. सर्जरीचा आणि सांध्याचा सगळा संबंध त्या काही मिनिटांत आहे. ही पद्धत १९५७ मध्ये ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी मांडली, नंतर तिच्यात बऱ्याच सुधारणा झाल्या, पण कॉन्डाइल नीट बसवायचं काम आजही मुख्यतः सर्जनच्या हाताच्या अंदाजावरच चालतं.

२. म्हणजे सर्जरीनंतर सांधा जागेवरून हलतो का?

थोडासा हलतो, जवळजवळ सगळ्यांचाच. साधारण एक-दोन मिलिमीटर आणि काही अंश, इतकंच. तुम्ही आडवे असता, भुलीच्या औषधांनी जबड्याचे स्नायू पूर्ण सैल पडलेले असतात, त्यामुळे कॉन्डाइल खाली आणि मागे कलायला बघतं. शिवाय जबडा पुढे घेतला की हाडाचे दोन पापुद्रे एकमेकांवर सपाट बसत नाहीत, मधे फट राहते, आणि ती फट स्क्रूने आवळून बंद केली की कॉन्डाइल स्वतःभोवती जरा पिळलं जातं. त्यात सांध्यात सूज असते, कधी रक्त साकळलेलं असतं, त्यानेही ते ढकललं जातं.

सूज उतरली, स्नायू जागे झाले की यातलं बरंचसं आपोआप परत येतं, आणि जे येत नाही त्याच्याशी हाड स्वतःला घडवून घेतं. सांध्याला तेवढी सवलत असते. मात्र ती अमर्याद नसते, आणि आधीच आजारी असलेल्या सांध्याला तर फारच कमी असते.

३. माझी फक्त वरच्या जबड्याची सर्जरी आहे, मग तर टेन्शन नाही ना?

कमी आहे, पण नाहीच असं नाही. या सर्जरीला ल फोर्ट वन म्हणतात. वरचा जबडा सैल करून नव्या जागी बसवताना खालचा जबडा त्याला बांधतात आणि दोन्ही मिळून कॉन्डाइलभोवती फिरवून वर नेतात. आता मागच्या बाजूला हाडाचा एखादा कंगोरा आडवा येत असेल आणि तो न काढता तसंच दाबून बसवलं, तर वरचा जबडा तिथे टेकून राहतो आणि कॉन्डाइल खोबणीतून खाली ओढलं जातं. ऑपरेशन टेबलवर दात छान जुळलेले दिसतात, पण बांधलेलं सोडल्यावर कॉन्डाइल वर जातं आणि पुढचे दात उघडे पडतात. म्हणूनच चांगले सर्जन दात मोकळे करून, जबडा हाताने हळूच वर-पुढे टेकवून, बऱ्याचदा उघडझाक करून बघतात.

४. ऑपरेशन थिएटरमध्येच माझे स्क्रू काढून पुन्हा लावले असं सांगितलं. काही चुकलं होतं का?

उलट चांगलं झालं. कॉन्डाइल खोबणीत नीट टेकलेलं नसताना स्क्रू लागले तर त्याला कॉन्डिलर सॅग म्हणतात. दोन प्रकारचा असतो. एकात कॉन्डाइल खोबणीच्या मधे लोंबकळत असतं, कशालाच टेकलेलं नसतं. हा दात मोकळे करून तपासलं की लगेच कळतो, कारण बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर जसे बसतात ते, तिथल्या तिथे बदलते. दुसऱ्यात ते खोबणीच्या कडेला टेकून राहतं, त्यामुळे टेबलवर सगळं बरोबर दिसतं, आणि त्या टोकावर दाब येऊन हाड हळूहळू झिजलं की काही महिन्यांनी बाइट सरकते. पहिला प्रकार दिसला आणि तिथेच दुरुस्त केला म्हणजे तुमचे सर्जन बघत होते. अर्धा तास जास्त गेला, पण दुसरं ऑपरेशन वाचलं.

५. माझा जबडा टकटक वाजतो. सर्जरीने थांबेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. थांबेल म्हणून कोणी खात्री देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

आधी आवाज कसला ते ओळखा. उघडताना "टक" आणि मिटताना पुन्हा बारीक "टक" म्हणजे चकती पुढे घसरलेली आहे आणि तोंड उघडलं की जागेवर येते. वाळू चुरडल्यासारखी खरखर म्हणजे हाडाचे पृष्ठभाग खडबडीत झालेत. आणि आधी वाजायचं, आता वाजत नाही पण तोंडही दोन बोटांपलीकडे उघडत नाही, तर चकती परत येईनाशी झाली असू शकते, तेव्हा आवाज गेला म्हणून खूश होऊ नका.

सर्जरीआधी ज्यांना दुखणं असतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना सर्जरीनंतर बरं वाटतं, विशेषतः स्नायूंचं दुखणं आणि कानशिलातली डोकेदुखी. काहींचं होतं तसंच राहतं. काहींचं वाढतं. आणि ज्यांना काहीच नव्हतं अशा थोड्या जणांना नव्याने सुरू होतं. तुम्ही यातल्या कुठल्या गटात जाल हे आधी सांगता येत नाही. आवाजाचं तर स्नायूंपेक्षाही कमी भरवशाचं, कारण घसरलेली चकती दात जुळले म्हणून मागे येते असं नाही. माझंच सांगते, दुपारनंतर कानशिलं ठणकायची ती पूर्ण थांबली, पण उजवीकडची टक आजही आहे, भाकरीचा मोठा घास घेतला की वाजतेच. ती दुखत नाही म्हणून कोणी हात लावलेला नाही, आणि न दुखणाऱ्या, न अडकणाऱ्या आवाजाला औषध लागतही नाही.

त्यामुळे दात जुळत नाहीत, चावता येत नाही, झोपेत श्वास अडतो, चेहरा वाकडा आहे यासाठी सर्जरी करा. फक्त सांध्याच्या दुखण्यासाठी म्हणून करू नका.

६. आधी काहीच नव्हतं आणि आता कानापुढे दुखतंय. सांधा बिघडला का?

किती दिवस झालेत त्यावर आहे. पहिले सहा-आठ आठवडे दुखणं, कानात दडे बसल्यासारखं वाटणं, सकाळी जबडा आखडणं हे सूज आणि स्नायूंमुळे होतं. स्नायूंची लांबी आणि ओढायची दिशा एका दिवसात बदलली, त्यांना शिकायला वेळ लागतो. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरकडे जाऊन कान स्वच्छ निघालेली बरीच मंडळी आहेत.

तीन महिन्यांनंतरही एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर वाट बघू नका. आणि दात पूर्वीसारखे जुळत नाहीत असं एका सकाळी अचानक वाटलं तर त्याच दिवशी फोन करा, दुखत नसलं तरी.

खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असणं हे सांध्याचं नाही, ते हाडातून जाणाऱ्या नसेचं आहे आणि त्याचा इथल्या कशाशी संबंध नाही.

७. तोंड किती उघडायला हवं आणि कधीपर्यंत?

पुढच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी मावली की साधारण नॉर्मल, मोजायचं तर ४० मिलिमीटरच्या आसपास. सर्जरीनंतर सुरुवातीला एक बोटही कष्टाने जातं, त्याने घाबरू नका. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत ३५ च्या पुढे जातं आणि राहिलेलं सावकाश येतं.

व्यायाम सर्जनने सांगितल्या दिवसापासूनच, त्याआधी नाही, कारण हाड जुळायचं असतं. माझ्याकडे आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत होती, रबरबँड लावलेली, बेसिनवरच्या स्टीलच्या पेल्यात ठेवलेली. पहिल्या दिवशी नऊ काड्या मावल्या. गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन दहा मिनिटं गालाला, मग काड्या सरकवायच्या, ओढ जाणवेपर्यंत, कळ येईपर्यंत नाही, अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं. दिवसातून चार-पाच वेळा. दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची. चोवीसपर्यंत गेले तेव्हा आईने तो पेला परत स्वयंपाकघरात नेला. आरशासमोर करा हे महत्त्वाचं, कारण बघितलं नाही तर जबडा एका बाजूला पळतो आणि तेच वळण पडतं.

तोंड उघडणं आठवड्याला थोडंसुद्धा वाढत नसेल, किंवा उघडता उघडता एका जागी कडक अडथळा लागत असेल, तर तो चकतीचा असू शकतो (प्रश्न ५), नुसते व्यायाम वाढवून ढकलू नका.

८. मी शास्त्रीय गाणं शिकते. आकार लावता येईल का?

येईल, पण घाई नको. मंद्र-मध्य सप्तकात मिटल्या तोंडाने गुणगुणणं लवकर सुरू होतं, मोठा आकार आणि तार सप्तक तोंड तीन बोटं उघडल्यावर. जांभई आली तर मूठ हनुवटीखाली धरायची सवय लावा, सांधा ताणला जाण्याचं ते सगळ्यात सोपं निमित्त आहे. वरचा जबडा हलवला असेल तर नाकातून येणारा आवाज काही दिवस वेगळा वाटतो, पण ते सांध्याचं नाही.

९. डॉक्टरांनी सर्जरीआधी काही महिने दातांवर बसवायची प्लास्टिकची स्प्लिंट घालायला सांगितली. पैसे उकळताहेत का?

नाही. मला तर उलट ती घालायला लावली नाही याचं वाईट वाटतं, माझ्या पहिल्या डॉक्टरांनी सांध्यावर बोट ठेवूनही बघितलं नव्हतं.

ज्यांचा खालचा जबडा लहान असतो त्यांना नकळत जबडा पुढे काढून दात जुळवायची सवय लागलेली असते, फोटो काढताना तर हमखास. याला संडे बाइट म्हणतात. तेव्हा कॉन्डाइल खोबणीत नसतं, उतारावर पुढे आलेलं असतं. मोजमापं याच स्थितीत घेतली आणि जबडा सहा मिलिमीटर पुढे घ्यायचं ठरलं, तर टेबलवर भुलीखाली कॉन्डाइल मागे जाऊन बसतं आणि गरज नऊची निघते. प्लॅन चुकला, त्यावरून बनवलेली ऑपरेशनची स्प्लिंट चुकली, सगळंच चुकलं. कॉम्प्युटरवर थ्रीडी प्लॅनिंग केलं तरी आत टाकलेली बाइट चुकीची असेल तर ते चुकीचंच नीट मोजून देतं. आधी स्प्लिंट घालून स्नायू सैल पडू दिले की कॉन्डाइल खरं कुठे बसतं ते कळतं, आणि सांधा स्थिर आहे की हलतोय तेही.

१०. एमआरआय काढावा की सीबीसीटी?

हाडासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे, आणि चकतीसाठी एमआरआय. सीबीसीटीत चकती दिसत नाही. जबडा अडकतो, दुखतो, किंवा प्रश्न ११ मधल्या लक्षणांपैकी काही आहे तर एमआरआय मागा, नाहीतर प्रत्येकाने काढायची गरज नाही. एक मात्र सगळ्यांनी करा, सर्जरीआधीचे सगळे एक्स-रे आणि स्कॅनची सीडी घरी जपून ठेवा. पुढे कॉन्डाइल झिजलंय का हे ठरवायला जुन्याशी तुलना करावी लागते.

११. सर्जरीला वर्ष झालं, सगळं मस्त होतं, आणि आता समोरचे दात पुन्हा उघडे राहायला लागलेत. प्लेट सरकली का?

पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत असं झालं तर शंका कॉन्डाइल नीट न बसल्याची किंवा प्लेट सैल झाल्याची (प्रश्न ४). सहा महिने ते दोन वर्षांनी हळूहळू झालं तर कॉन्डाइल झिजतंय का हे बघायलाच हवं. याला कॉन्डिलर रिसॉर्प्शन म्हणतात.

बहुतेक वेळा हे तरुण मुलींमध्ये दिसतं. खालचा जबडा लहान, मागे गेलेला, जबड्याचा कोन उभट, कॉन्डाइल आधीच बारीक आणि मागे झुकलेलं, चकती घसरलेली, आणि सर्जरीत जबडा बराच पुढे घेतलेला, असं सगळं एकत्र आलं की धोका वाढतो. कॉन्डाइलची उंची कमी होते, जबडा मागे आणि खाली फिरतो, मागच्या दाढाच टेकतात आणि पुढे फट पडते. गंमत वाटावी असं यात काहीच नाही, पण लक्षात येतं ते जेवताना: चपातीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नाही, शेवया निसटतात. बऱ्याच जणींना दुखत अजिबात नाही, म्हणून दाखवायला उशीर होतो.

तपासण्या म्हणजे जुन्या-नव्या स्कॅनची तुलना, गरज वाटली तर बोन स्कॅन, आणि संधिवाताच्या रक्ततपासण्या. सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाईने तीच सर्जरी पुन्हा करणं. झिजणाऱ्या कॉन्डाइलवर पुन्हा जोर टाकला तर ते पुन्हा झिजू शकतं. आधी स्प्लिंट, मऊ खाणं, सूज कमी करणारी औषधं, आणि झीज थांबल्याचं निदान सहा महिने ते वर्षभर स्थिर दिसणं. त्यानंतर थोडं असेल तर ब्रेसेसने, किंवा फक्त वरच्या जबड्याची सर्जरी करून, कारण त्याने सांध्यावर फारसा नवा भार येत नाही. कॉन्डाइल अगदीच संपलं असेल तर कृत्रिम सांधा.

एक फरक ध्यानात घ्या. सर्जरीनंतर कॉन्डाइलचा आकार थोडा बदलणं हे नॉर्मल असतं, रिपोर्टमध्ये "रिमॉडेलिंग" शब्द दिसला म्हणून रात्र जागून काढू नका. बाइट स्थिर आहे ना, ते बघा.

१२. माझा जबडा मागे घ्यायचाय आणि सांधाही दुखतो. स्क्रू न लावता करतात ती पद्धत बरी का?

काही वेळा, हो. आयव्हीआरओ नावाच्या पद्धतीत हाड उभं कापतात पण सहसा स्क्रू लावत नाहीत, त्यामुळे कॉन्डाइलचा तुकडा स्नायूंच्या ओढीने आपली जागा स्वतः शोधतो, जरा खाली-पुढे येतो आणि सांध्यावरचा दाब हलका होतो. नसेला धोकाही कमी. किंमत अशी की वरचे-खालचे दात काही आठवडे एकत्र बांधून ठेवावे लागतात, सगळं पातळ, पेज, ताक, गाळलेलं वरण. जबडा पुढे घ्यायचा असेल तर ही पद्धत चालत नाही. तुमच्या सर्जनचा हात कशावर बसलाय हेही विचारा, त्याला फार महत्त्व आहे.

१३. चकतीचं आणि जबड्याचं ऑपरेशन एकदम करता येतं का?

येतं, पण डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत. काही सर्जन म्हणतात घसरलेली चकती आधी किंवा त्याच वेळी जागेवर शिवली नाही तर सर्जरी टिकत नाही. काही म्हणतात सांधा उघडणं हीच मोठी इजा, दुखत नसेल तर उघडू नका, आधी शांत करा मग जबडा करा. मला दुसरं जास्त पटतं, पण सारखा लॉक होणारा सांधा असेल तर पहिल्या मताच्या डॉक्टरलाही नक्की भेटा.

१४. माझी हनुवटी दरवर्षी एका बाजूला सरकतेय. लगेच सर्जरी करून सरळ करू का?

आधी ती थांबलीय का बघा. एका बाजूचं कॉन्डाइल वाढतच राहणं, कॉन्डिलर हायपरप्लेझिया, यात जबडा सरळ केला तरी वाढ चालू असेल तर पुन्हा वाकडा होतो. जुने फोटो, दातांचे साचे आणि बोन स्कॅन यावरून ठरवतात. चालू असेल तर कॉन्डाइलचा वरचा थर काढून वाढ थांबवतात, नाहीतर थांबायची वाट बघतात.

१५. मुलगा लहानपणी झोपाळ्यावरून हनुवटीवर पडला होता. आता एक बोटही तोंड उघडत नाही आणि हनुवटी वाढलीच नाही. त्याला ही सर्जरी चालेल का?

ही वेगळी गोष्ट आहे, कृपया लवकर दाखवा. हनुवटीवरचा मार थेट कॉन्डाइलवर जातो, आणि तिथलं हाड कवटीला जुळून सांधाच गोठतो, त्याला अँकिलोसिस म्हणतात. कधी कानातल्या जुन्या इन्फेक्शननेही होतं. असं मूल रात्री घोरतं, श्वास अडकून दचकून उठतं, कारण लहान जबड्यामुळे जीभ मागे जाते. इथे आधी तो जुळलेला भाग काढून सांधा मोकळा करतात, आणि व्यायाम ऑपरेशननंतर लगेचच सुरू होतात, महिनोन्‌महिने चालतात, मूल कितीही रडलं तरी, कारण सोडले की पुन्हा जुळतं. श्वासाचा त्रास जास्त असेल तर काही सर्जन जबडा आधी लांबवतात. दात जुळवायची सर्जरी त्याच्या बऱ्याच नंतर, वाढ पूर्ण झाल्यावर. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत रुग्णालय, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, या सगळ्या ठिकाणी तोंड-जबड्याच्या सर्जरीचे विभाग आहेत, खाजगीत परवडत नाही म्हणून थांबू नका.

१६. मला संधिवात आहे. सर्जरी कायमची विसरायची का?

नाही, पण क्रम बदलतो. संधिवात या सांध्यालाही धरतो, आणि सूज चालू असताना जबडा हलवला तर प्रश्न ११ मधलं सगळं होण्याची शक्यता जास्त. आधी संधिवाताच्या डॉक्टरकडून आजार शांत, मग काही महिने बाइट स्थिर आहे का ते बघणं, आणि मग सर्जरी. तुमची औषधं सर्जनला नावानिशी लिहून द्या, काही सर्जरीच्या आसपास थांबवावी लागतात, आणि ती कधी थांबवायची, कधी पुन्हा सुरू करायची हे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवू दे, मधे निरोप पोचवायचं काम तुम्ही करू नका.